पिन-बुश पलटी करण्याची वेळ

शिळफाट्याहून कल्याणकडे येताना, किंवा भिवंडी बायपासला, टायरवाल्यांच्या शेजारी एखादं असं आवार लागतं जिथे लोखंडी पट्टे जमिनीवर लांबलचक पसरलेले असतात. या पोकलेनच्या आणि डोझरच्या चेनी. ठाणे-डोंबिवली पट्ट्यातल्या दगडखाणी, खाडीकाठचे भराव, पावसाळ्याआधीची नालेसफाई, टॉवरचे पाये अशी सगळी अवजड कामं याच यंत्रांनी उचलली. ही यंत्रं ज्यांच्यामुळे चालती राहतात त्या कारागिरांची दखल मात्र कुणी घेतली नाही.

चेन जन्मली चिखलामुळे. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी ट्रॅक्टर बनवणाऱ्या बेंजामिन होल्टने कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळ वाफेच्या ट्रॅक्टरची मागची चाकं काढून तिथे लाकडी फळ्यांच्या साखळ्या बसवल्या आणि तो चालवून पाहिला. तिथली नदीमुखाची भुसभुशीत जमीन चाकं गिळून टाकायची. रुंद पट्ट्यावर वजन पसरलं की यंत्र रुतत नाही. आजही २० टनांच्या पोकलेनचा भार दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा किलो पडतो. आपल्याकडे १९६४ साली बीईएमएल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि कोमात्सूच्या तंत्रावर तिने डोझर बनवले. त्यांतले जुने डी-५० अजून कामावर दिसतात.

ज्या चिखलासाठी चेन आली तोच तिला खातो. कड्या जोडणारी पिन, पिनेभोवतीचं बुश आणि बुशला ढकलणारं दातेरी स्प्रॉकेट यांच्यात माती, रेती, खडी शिरते. पिन आणि बुश एकमेकांना घासतात, पण चारही बाजूंनी नाही, ओढ ज्या बाजूला पडते तिथेच. प्रत्येक सांध्यात २ मिलिमीटर ढिलाई आली तरी ४५ कड्यांची चेन ९ सेंटिमीटरने लांबते. मग बुश स्प्रॉकेटच्या खाचेत नीट बसत नाही आणि जुन्या सायकलची चेन दातांवर चढते तसं होऊ लागतं. दात अणकुचीदार होतात, चेनीवर यंत्राचा भार पेलणारे रोलर खाल्ले जातात, वळताना चेन उतरते.

यावरचा इलाज मला या धंद्यातला सर्वांत सुंदर वाटतो. चेन उघडण्याची मास्टर पिन पुढच्या टोकाच्या चाकासमोर, म्हणजे आयडलरसमोर येईल असं यंत्र उभं करायचं, ताण सोडायचा, घणाने पिन ठोकून काढायची आणि चेन जमिनीवर सोडून यंत्र पुढे काढायचं. जमिनीला टेकणाऱ्या शू प्लेटचे बोल्ट बहुधा गंजलेले असतात, ते गॅसने कापावे लागतात. मग चेन प्रेसवर चढते. शंभर टनांच्या आसपास दाब देऊन एकेक पिन आणि बुश बाहेर काढतात, अर्धा फेरा फिरवतात आणि परत दाबून बसवतात. न झिजलेली बाजू आता ओढीला लागते. चेनीची लांबी जवळपास मूळ मापावर येते आणि त्याच लोखंडात नवा हंगाम निघतो. रोलरवर वेल्डिंगचा थर चढवून ते लेथवर मापात आणतात, झिजलेल्या शू प्लेटवर नवी पट्टी जोडतात.

पण ही पलटी वेळेवर झाली तरच. बुशची भिंत पार पातळ झाली किंवा तडकली की पलटी करून उपयोग नाही, नवंच घालावं लागतं. देखभालीच्या खर्चातला निम्म्याच्या आसपास वाटा या चालत्या भागावर जातो, तरी बहुतेक मालक चेन खटखटू लागेपर्यंत थांबतात. ढिली दिसली की ग्रीस मारून आयडलर पुढे सरकवायचा, पुन्हा ढिली झाली की पुन्हा ग्रीस. याने लांबलेली चेन आखूड होत नाही, आजार फक्त झाकला जातो. वर कोरड्या आवारात घट्ट केलेली चेन खाडीत उतरली की स्प्रॉकेटमध्ये गाळ दाटून आणखी ताणते. चिखलात ती थोडी सैलच हवी. कचऱ्याच्या डेपोवरचा त्रास वेगळा. कल्याणच्या आधारवाडीच्या जुन्या डेपोसारख्या जागी तारा आणि प्लास्टिक रोलरला गुंडाळून सील कापतात.

ऑपरेटरच्या हातातही बरंच असतं. विनाकारण लांबवर रिव्हर्स चालवणं, सतत एकाच बाजूला वळणं, जागच्या जागी गरगर फिरवणं यानं चेन लवकर जाते. संध्याकाळी फावड्याने गाळ काढला नाही तर सकाळी तो वाळून रोलर जाम होतो, आणि न फिरणारा रोलर एका बाजूने सपाट होतो.

हे काम जिवावरचंही आहे. आयडलरमागची स्प्रिंग कित्येक टनांच्या दाबाखाली असते. ग्रीसचा व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला तर तो गोळीसारखा सुटतो. घणाखाली पिनेची कपची उडाली तर डोळा जातो. तरीही चष्म्याशिवाय काम करणारी पोरं दिसतात.

ताणलेल्या चेनीच्या चार कड्या पट्टीने मोजायला दहा मिनिटं पुरतात. पावसाळा संपून कामं सुरू व्हायच्या आत प्रत्येक मालकाने त्या मोजून घ्याव्यात, माप वाढलं असेल तर पलटीला यंत्र द्यावं, आणि ज्या आवारात कारागिराच्या डोळ्यांवर चष्मा आहे तिथेच द्यावं.