असेंबल्ड संगणक

असेंबल्ड संगणक म्हणजे वेगवेगळ्या उत्पादकांचे सुटे भाग निवडून, ते एका कॅबिनेटमध्ये जोडून तयार केलेला डेस्कटॉप संगणक होय. ही जुळणी ग्राहक स्वतः करतो किंवा स्थानिक विक्रेत्याकडून करवून घेतो. याउलट, कारखान्यातच जोडून व तपासून एकाच कंपनीच्या नावाने आणि हमीने विकल्या जाणाऱ्या संगणकास व्यवहारात 'ब्रँडेड संगणक' म्हटले जाते. दोन्ही प्रकारांत प्रोसेसर, रॅम, एसएसडी आदी मूलभूत भाग सारखेच असतात. फरक असतो तो भागांच्या निवडीचा अधिकार, हमीची जबाबदारी आणि पुढील दुरुस्तीची सोय यांत.

पार्श्वभूमी

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात बहुतांशी इतर कंपन्यांचे, बाजारात सहज मिळणारे भाग वापरले होते आणि त्याची तांत्रिक रचनाही प्रसिद्ध करण्यात आली होती. त्यामुळे अन्य उत्पादकांना त्याच्याशी सुसंगत संगणक बनवणे शक्य झाले. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मानक मांडले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या जागा व वीजजोडण्या ठरून गेल्यामुळे एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसवणे सोपे झाले. सुट्या भागांच्या बाजारपेठेचा पाया या प्रमाणीकरणात आहे.

भारतात १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर सुट्या भागांची आयात सुलभ होत गेली. दिल्लीतील नेहरू प्लेस आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही या व्यापाराची प्रमुख केंद्रे बनली.

नाशिकमधील संदर्भ

नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९), अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये तसेच सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहती आहेत. त्यामुळे येथील गरजा एकाच प्रकारच्या नाहीत. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यास दस्तऐवज, व्हिडिओ व्याख्याने आणि इंटरनेट एवढ्यासाठी साधा संगणक पुरतो. यंत्रभागांचे आराखडे काढणाऱ्या लघुउद्योगास अधिक रॅम व स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते, तर लेखा कार्यालयास वेगापेक्षा अखंडित सेवा महत्त्वाची वाटते. शहर मुंबईपासून सुमारे १७० किलोमीटर अंतरावर असल्याने स्थानिक दुकानात नसलेला भाग मुंबईहून मागवता येतो. मात्र तो येईपर्यंत काम थांबणार असेल, तर तो खर्चही हिशेबात धरावा लागतो.

किंमत

सुटे भाग घेताना ग्राहक अनावश्यक गोष्टी टाळून तो पैसा आवश्यक भागावर खर्च करू शकतो. जुना मॉनिटर, कळफलक किंवा कॅबिनेट पुन्हा वापरता येते. दुसरीकडे, मोठ्या कंपन्या घाऊक दराने भाग खरेदी करतात, त्यामुळे साध्या कार्यालयीन संगणकात ब्रँडेड पर्याय अनेकदा तितक्याच किंवा कमी किमतीत मिळतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागणाऱ्या संगणकात जुळणीचा लाभ अधिक जाणवतो. परंतु सुट्या भागांचे दर स्थिर नसतात. २०२० ते २०२२ या काळात ग्राफिक्स कार्डांच्या जागतिक टंचाईमुळे हा लाभ बराच घटला होता.

संगणक व त्याच्या बहुतेक भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. बिलाविना घेतलेला भाग स्वस्त वाटला, तरी त्याच्या हमीचा पुरावा राहत नाही आणि नोंदणीकृत व्यावसायिकास कराचा परतावाही मिळत नाही.

हमी व दुरुस्ती

ब्रँडेड संगणकास साधारणतः एक ते तीन वर्षांची एकत्रित हमी असते. काही प्रकारांत तंत्रज्ञ घरी किंवा कार्यालयात येऊन दुरुस्ती करतो. असेंबल्ड संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. तिची मुदत अनेकदा अधिक असली, तरी दोष कोणत्या भागात आहे हे आधी शोधावे लागते. ते काम विक्रेता करणार की ग्राहक, हे खरेदीपूर्वी लेखी ठरलेले नसल्यास वाद उद्भवतात.

जुनी यंत्रणा वाढवण्याच्या बाबतीत मात्र असेंबल्ड संगणक सरस ठरतो. काही ब्रँडेड संगणकांत मदरबोर्ड व वीजपुरवठा संच अप्रमाणित आकाराचे असतात, त्यामुळे तो भाग बिघडल्यास बाजारातील सर्वसाधारण भाग बसत नाही.

वीजपुरवठा

भागांच्या यादीत एसएमपीएस, अर्थात वीजपुरवठा संच, हा सर्वाधिक दुर्लक्षित घटक आहे. उदाहरणार्थ, ६५ वॅटचा प्रोसेसर, ११५ वॅटचे ग्राफिक्स कार्ड आणि इतर भागांचे सुमारे ७० वॅट धरल्यास एकूण मागणी २५० वॅटच्या आसपास जाते. अशा संगणकास ४५० वॅटचा विश्वासार्ह संच पुरेसा होतो. हलक्या दर्जाच्या संचावर छापलेला आकडा प्रत्यक्षात मिळतोच असे नाही, आणि त्यातील बिघाड मदरबोर्डपर्यंत पोहोचू शकतो. यूपीएसचाही विचार याच हिशेबाने करावा लागतो. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस साधारणतः ३६० वॅटपर्यंतचा भार पेलतो; मॉनिटरसह वरील संगणक त्यावर चालला, तरी काम जतन करण्यास फार थोडा वेळ मिळतो.

सॉफ्टवेअर परवाना

ब्रँडेड संगणकासोबत बहुधा विंडोजचा अधिकृत परवाना येतो. असेंबल्ड संगणकात तो वेगळा घ्यावा लागतो. किमतींची तुलना करताना हा खर्च वगळल्यास असेंबल्ड संगणक फसवा स्वस्त दिसतो. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रणालीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. मुक्त स्रोत पर्याय म्हणून उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही लिनक्स प्रणाली विनामूल्य वापरता येते. मात्र आवश्यक सॉफ्टवेअर तिच्यावर चालते का, हे आधी तपासणे गरजेचे असते.

निवडीचे निकष

संगणक बंद पडल्यास काम थांबते व दुरुस्तीचे ज्ञान जवळ नाही, अशा ठिकाणी एकत्रित हमी असलेला ब्रँडेड संगणक सोयीचा ठरतो. विशिष्ट कामासाठी ठरावीक भाग हवे असतील, टप्प्याटप्प्याने क्षमता वाढवायची असेल किंवा जुळणीतून शिकण्याचा हेतू असेल, तर असेंबल्ड संगणक उपयुक्त ठरतो. दोन्ही पर्यायांची तुलना सारख्याच प्रोसेसर, रॅम व साठवण क्षमतेवर, परवाना, यूपीएस आणि हमीचा कालावधी धरून केली, तरच ती ग्राह्य मानता येते.