कोनाडा, कंदील आणि रमजानची रात्र

मगरीबची अजान होते, रोजा सोडायला पहिला खजूर तोंडात जातो आणि घराघरांत दिव्यांची बटणे दाबली जातात. भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराची छोटी खोली असो की नव्या इमारतीतला फ्लॅट, उजेड बहुतेक ठिकाणी एकच : छतालगतच्या एलईडी नळीचा, पांढराफटक. ज्या उजेडाखाली दिवसभर कापडातले दोष शोधायचे, त्याच उजेडाखाली रात्री दस्तरखानाभोवती बसायचे. कारखाना कुठे संपला आणि घर कुठे सुरू झाले, हे डोळ्यांना कळतच नाही.

जुन्या घरांत उजेडाला स्वतःची जागा होती. तिचे नाव कोनाडा. जाड भिंतीत हातभर उंचीवर ठेवलेली ती पोकळी म्हणजे साधी सोय, पण फार विचाराने केलेली. तिथे वारा लागत नाही, म्हणून वात फडफडत नाही. मागची चुना लावलेली भिंत उजेड परत खोलीत टाकते. बाजूच्या कडांमुळे तो शेजारी झोपलेल्याच्या डोळ्यांवर पडत नाही. कुराणातल्या ‘नूर’ या सूरेच्या 35 व्या आयतीत ईश्वरी प्रकाशाची जी उपमा येते, तिच्यातही भिंतीतला कोनाडाच आहे. कोनाड्यात दिवा, दिव्याभोवती काच. अरबीत त्या कोनाड्याला ‘मिश्कात’ म्हणतात. चौदाव्या शतकात कैरोच्या मशिदींसाठी मीनाकारी केलेले काचेचे दिवे बनले, त्यांतल्या अनेकांवर हीच आयत लिहिलेली आहे. आपल्याकडच्या वाड्यातली देवळी आणि ही मिश्कात यांच्यात नाव सोडले तर वेगळे काही नाही.

नावेही फार दूरची नाहीत. दिवाळीला दारात टांगतो तो कंदील अरबी ‘किंदील’मधून मराठीत आला. मशाल अरबी, फानूसही अरबी-फारसीच्या वाटेने आलेला. देवघरातल्या समईचे नातेही कोशकार ‘शमा’शी जोडतात. कैरोत रमजान लागला की गल्लीगल्लीत फानूस लटकतात. फातिमी खलिफा अल-मुइज्ज इ. स. 973 च्या रमजानमध्ये शहरात आला, तेव्हा लोक दिवे घेऊन त्याच्या स्वागताला गेले आणि तिथून ही चाल पडली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. तेव्हा टांगलेला कंदील दिसला की तो कुणाच्या सणाचा, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

याच भिवंडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गणेशपुरी आहे. वाडा रस्त्याने निघून अंबाडीला वळले की मागांचा खडखडाट मागे पडतो आणि तानसेच्या खोऱ्यातली झाडी लागते. गरम पाण्याची कुंडे आणि 8 ऑगस्ट 1961 रोजी देह ठेवलेल्या नित्यानंदांची समाधी यांसाठी लोक इथे येतात. पण दिव्यांचा विचार करणाऱ्याने आजूबाजूच्या पाड्यांकडेही पाहावे. वारली, कातकरी, मल्हार कोळी यांची जुनी घरे कुडाची : कारवीच्या काठ्या उभ्या करून वर शेणामातीचा लेप. लेप जिथे पातळ झाला, तिथल्या फटींतून रात्री आतला उजेड रेघारेघांनी बाहेर येतो. बांबूचा कंदील हेच काम उलटे करतो. बाहेरून दिसणारी ती जाळी तो घराच्या आत, भिंतीवर उमटवतो.

या पट्ट्यात बांबूचे काम हातात असलेली माणसे अजून आहेत. शेजारच्या वसई तालुक्यात भालिवली येथे ‘विवेक’ संस्थेच्या केंद्रात आदिवासी महिला बांबूकाम शिकतात आणि राख्या, आकाशकंदील बनवतात. ओला बांबू तसाच वापरला तर भुंगा लागतो, म्हणून आधी प्रक्रिया करायची. मग तो उभा चिरायचा, कामट्या सारख्या जाडीच्या तासायच्या, कडा घासायच्या आणि मग सांगाडा बांधायचा. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून निघाला, त्यामुळे खासगी जमिनीवरचा बांबू तोडणे-नेणे सोपे झाले. अडचण वेगळी आहे. आकाशकंदिलाची मागणी दिवाळीपुरती, आणि त्यातही समोर प्लास्टिकचा स्वस्त माल. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. भिवंडीच्या मोहल्ल्यांनी ईदच्या खरेदीत एक कंदील धरला, तर याच तालुक्यातल्या आणि शेजारच्या हातांना वर्षाचा दुसरा हंगाम मिळेल.

घेणाऱ्याचाही यात फायदा आहे. रमजानमध्ये झोप तुटक असते. तरावीहची नमाज आटोपून घरी यायला उशीर होतो आणि सहरीसाठी पहाटेच्या आधी उठायचे असते. रात्री निळसर-पांढरा प्रखर उजेड डोळ्यांवर पडला की झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन शरीरात कमी तयार होते. साधारण 6500 केल्विनच्या नळीऐवजी 2700 केल्विनचा, पाच वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब कंदिलात लावला, तर छोट्या खोलीत जेवायला-बोलायला पुरतो. जमिनीवर बसल्यावर बल्ब थेट डोळ्यांत येणार नाही, इतपत उंची ठेवावी. जवळची भिंत फिक्या रंगाची असावी, म्हणजे कामट्यांची नक्षी उमटते. बांबू-कागदाच्या कंदिलात मेणबत्ती मात्र लावू नये. स्वयंपाकाच्या ओट्यावर, मुलांच्या अभ्यासाला आणि कुराण वाचताना पानावर स्वच्छ, सरळ उजेड हवाच. तिथे कंदिलाचा हट्ट नको.

शेवटच्या दहा रात्री जवळ आल्या की एकाच खोलीत राहणाऱ्या घरांची खरी कसोटी लागते. शब-ए-कद्रच्या शोधात कुणी फजरपर्यंत जागतो, आणि त्याच खोलीत सकाळच्या पाळीला जाणारा भाऊ व शाळेत जाणारी मुले झोपलेली असतात. वरची नळी लावली तर सगळे जागे, विझवली तर वाचणे बंद. अशा वेळी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला छोटा दिवा दोघांनाही सांभाळून घेतो. कोनाडा वर्षानुवर्षे हेच करत आला होता.