झालर पडलेला रुमाल

क्रोशाचा गोल रुमाल कधी कधी सपाट बसत नाही, कडेला लाटा उठतात. आमच्या घरी याला ‘झालर पडली’ म्हणत. माझ्या लहानपणी आईने टीपॉयसाठी विणायला घेतलेल्या एका रुमालाला अशीच झालर पडली. बोलण्याच्या नादात टाके जास्त झाले आणि कड कोंबड्याच्या तुऱ्यासारखी उभी राहिली. मला तो फार आवडला होता. पण ‘वाया गेला’ म्हणत आईने तो उसवला आणि त्याच दोऱ्याचा नवा, सपाट रुमाल विणला.

लोक काय काय विणतात याची टिपणं मी गेली काही वर्षं ठेवते आहे. 2006 साली कोपनहेगनमध्ये मारियान योर्गेन्सन या कलावतीने इराक युद्धातल्या डेन्मार्कच्या सहभागाचा निषेध म्हणून एका रणगाड्याला गुलाबी लोकरीच्या चार हजारांहून अधिक चौकोनांचं पांघरूण घातलं. 9 ऑगस्ट 2014 रोजी, नागासाकी दिनी, ब्रिटनमधल्या अण्वस्त्रविरोधकांनी आल्डरमास्टन आणि बर्गफील्ड या दोन अण्वस्त्रकेंद्रांच्या दरम्यान सात मैल लांबीची गुलाबी पट्टी पसरली. या वस्तू विचित्र असल्या तरी त्यामागचा हेतू चटकन कळतो. वहीतल्या एका नोंदीने मात्र मला बराच काळ अडवून ठेवलं : ‘लाटव्हियाची गणितज्ञ, क्रोशाने भूमिती विणते.’ गणिताशी माझा संबंध शाळेबरोबर संपला. त्यामुळे हे जसं मला समजलं, तसंच सांगते.

आधी सपाट रुमाल घेऊ. सुरुवातीच्या गोलात सहा टाके घातले, तर पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस, असे दर फेरीला साधारण सहा टाके वाढवावे लागतात. कारण वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पट असतो आणि आखूड टाक्याची उंची नि रुंदी जवळपास सारखीच असते. सहापेक्षा कमी वाढवले, की कड आत ओढली जाते आणि रुमालाची टोपी होते. जास्त वाढवले, की कडेचे टाके मावत नाहीत आणि झालर पडते. विणणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. गणितज्ञ या तीन प्रकारांना शून्य, धन आणि ऋण वक्रता म्हणतात.

ऋण वक्रतेची भूमिती एकोणिसाव्या शतकात जन्माला आली. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा जाते, हे आपण शाळेत शिकतो. रशियातल्या लोबाचेव्हस्कीने 1829 मध्ये आणि हंगेरीच्या बोयाईने 1832 मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा अनेक रेषा जाऊ शकतील अशी भूमिती मांडली. तिलाच हायपरबोलिक, मराठी परिभाषेत अपास्तीय भूमिती म्हणतात. कागदावर ती सिद्ध झाली, पण डोळ्यांपुढे आणणं कठीण होतं. कागदी पट्ट्या चिकटवून केलेल्या प्रतिकृती हाताळताना फाटत.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या दाइना तायमिन्या यांनी अशी एक कागदी प्रतिकृती पाहिली आणि 1997 मध्ये ती विणायचं ठरवलं. आधी दोन सुयांवर प्रयत्न केला, पण टाके इतके वाढत गेले की सुयांवर मावेनात. क्रोशाच्या आकडीवर एका वेळी एकच टाका सांभाळावा लागतो, म्हणून तिथे काम जमलं. नियम अगदी साधा आहे : ठरावीक टाक्यांमागे एक टाका वाढवायचा आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचं नाही. पाचामागे एक वाढवला, तर वीस टाक्यांची ओळ दहा ओळींनंतर हिशेबाने सव्वाशेच्या आसपास जाते आणि वीस ओळींनंतर साडेसातशेच्या पुढे. हा तुकडा दुमडला की घडीची सरळ रेषा मिळते. तिच्या बाहेरच्या एकाच बिंदूतून, तिला कधीच न भेटणाऱ्या अनेक घड्या घालता येतात. बोयाईची भूमिती बोटांना कळते. तायमिन्यांच्या 2009 सालच्या पुस्तकाला सर्वांत विचित्र शीर्षकाचं बक्षीस मिळालं. पुढे 2012 मध्ये अमेरिकेतल्या गणित संघटनेचा ऑयलर ग्रंथ पुरस्कारही त्याच पुस्तकाला मिळाला.

2005 मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या ऑस्ट्रेलियन जुळ्या बहिणींनी याच पद्धतीने प्रवाळाची वसाहत विणायला घेतली. तापत्या समुद्रात ग्रेट बॅरियर रीफचे प्रवाळ पांढरे पडत होते, त्याची ती व्यथा होती. कित्येक प्रवाळांचे आकार झालरीचेच असतात, कारण त्यामुळे थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग मिळतो. या कामात एक गोष्ट लक्षात आली. प्रमाण काटेकोर पाळलं, तर आकार फार नेमका दिसतो. मध्येच टाके कमीजास्त केले, की तो जिवंत वाटू लागतो.

आईला बोयाईची भूमिती येत होती, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. झालर पडणं वेगळं आणि ठरवून, मोजून पाडणं वेगळं. तिचा रुमाल तायमिन्यांच्या नमुन्यासारखा नव्हताच. चुकत चुकत वाढलेला तो तुकडा प्रवाळाच्या जास्त जवळचा होता. पण ज्या खुणेवरून आपण ‘बिघडलं’ म्हणत आलो, तिच्यात शोधण्यासारखं काही असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही, याची मला आज चुटपुट लागते.

यंदा पाचामागे एक या हिशेबाने मी एक तुकडा विणला आणि आईकडे नेला. आता तिला कमी दिसतं. तिने कडेवरून बोट फिरवलं, मध्यापर्यंत चाचपत गेली आणि म्हणाली, ‘पाचाला एक वाढवलास ना गं?’ मी हो म्हटलं. जे समजायला मला महिने लागले होते, तो नियम तिने बोटांनी वाचला होता. मग तिने विचारलं, ‘आणि हा संपवायचा कुठे?’

या पृष्ठाला गणितात कड नसते. मी म्हटलं, ‘दोरा संपला की.’