एम्पायर स्टेट: इमारत 13 महिन्यांत उभी, गिऱ्हाईक कुठंय?

दुकानाचं फर्निचर, बोर्ड, एसी यांचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ असतो. पहिल्या महिन्यात घेणार कोण, असं विचारलं की गप्प! म्हणून आज न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची गोष्ट.

17 मार्च 1930 ला बांधकाम सुरू, 1 मे 1931 ला उद्घाटन. 102 मजले, तेव्हा जगात सगळ्यात उंच. आणि नियोजन बघा. विटा ट्रकमधून थेट तळघरात पडायच्या, तिथून वर चढायच्या आणि मजल्यावर टाकलेल्या छोट्या रुळांवरून गवंड्याच्या हाताशी. जेवायला खाली उतरण्यात वेळ जाऊ नये म्हणून कॅन्टीनसुद्धा वरच्या मजल्यांवर! खर्च अंदाजापेक्षा कमीच आला. वर्कशॉप चालवणाऱ्यांनी हे जरूर अभ्यासावं.

पण काम सुरू व्हायच्या आधीच, ऑक्टोबर 1929 मध्ये, शेअर बाजार कोसळला होता. मंदीत ऑफिस भाड्याने घेणार कोण? मजलेच्या मजले ओस. लोक ‘एम्प्टी स्टेट’, म्हणजे रिकामी, म्हणून चिडवायचे.

हात दिला तो 86व्या मजल्यावरच्या गच्चीने. शहर बघायला माणसं तिकीट काढून यायची. पहिल्या वर्षी ती कमाई भाड्याच्या बरोबरीला गेली. तरी नफा दिसायला 1950 च्या आसपासचा काळ उजाडला. जॉन रास्कॉब यांच्या या प्रकल्पामागे ड्यू पाँ घराण्याचा पैसा होता, म्हणून इतकी वर्षं निभावली. तुमच्या गाळ्याचं डिपॉझिट बहुतेक वेळा घरातल्या दागिन्यांतून येतं. ते भरण्याआधी पहिल्या दहा गिऱ्हाइकांची नावं वहीत लिहून बघा.