'सोल्यूशन' म्हणजे काय रे भाऊ?

आठवीतल्या कुठल्याही मुलाला सहज विचारून बघा, 'सोल्यूशन म्हणजे काय?' सायकलवाला असेल तर सांगेल, पंक्चर काढताना ट्यूबला लावतात ते चिकट. गणितवाला म्हणेल, 'सोपंय, उत्तर!' टीव्हीवरच्या चर्चा ऐकणारा म्हणेल, तोडगा. सायन्सच्या पुस्तकात मात्र हाच शब्द 'द्रावण' होऊन येतो. पाण्यात साखर विरघळली की तयार होतं ते. स्पेलिंग एकच, अर्थ चार! आणि नेमका चौथा माहीत नसेल तर अख्खा धडा डोक्यावरून जातो. वाईट म्हणजे, शब्द अडला हे त्या मुलाच्या लक्षातच येत नाही. तो स्वतःबद्दल निकाल देऊन मोकळा होतो, 'आपल्याला सायन्स जमत नाही.'

मंडळी, तुमच्या-आमच्या घरातल्या भाचे-पुतण्यांचं हे खरं दुखणं आहे. महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी एबीसीडीशी गाठ पडायची ती पाचवीत. आज सेमी-इंग्लिशची मुलं इतिहास-भूगोल मराठीत शिकतात आणि गणित-विज्ञान इंग्रजीत. म्हणजे सहावी ते आठवीत त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी शिकायच्या असतात, नवा विषय आणि त्याची भाषा. मग घरातले मोठे सल्ला देतात, 'व्होकॅब वाढव! डिक्शनरीतले रोज दहा शब्द पाठ कर!' सोमवारी पाठ, शनिवारी सफाचट. यात मुलाचा दोष नाही. तुम्हीही कॅट नाहीतर जीआरईसाठी लांबच लांब याद्या घोकल्या असतील. खरं सांगा, त्यातले किती शब्द आज आठवतात?

इंग्रजी घरातच आहे की!

पहिली गुड न्यूज. मुलाकडे इंग्रजी शब्दांचा साठा आधीपासूनच आहे, फक्त तो मराठीत मुरलेला आहे. चार्ज, रेंज, बॅलन्स, करंट, पॉवर, सेल, टेबल... हे शब्द तो दिवसभर वापरतो. आता त्यांचे पुस्तकातले चेहरे बघा. घड्याळातला सेल त्याला माहीत आहे, बायोलॉजीत मात्र सेल म्हणजे पेशी. (दुकानात लागतो तो सेल वेगळा, त्याचं स्पेलिंगच वेगळं.) टेबल म्हणजे जेवायचं टेबल, पाढा आणि तक्तासुद्धा. फोनचा चार्ज, पार्किंगचा चार्ज आणि सायन्समधला धन-ऋण चार्ज. गणितात पॉवर म्हणजे घात.

सगळ्यात भारी शब्द म्हणजे 'वर्क'. भिंतीला तासभर ढकललं, घामाघूम झालात, पण भिंत जागची हलली नाही, तर फिजिक्सच्या हिशेबाने भिंतीवर तुमचं वर्क शून्य! (काही मीटिंग्ज आठवल्या ना?) मुलाला हे असं सांगितलं की तो हसतो आणि शब्द डोक्यात बसतो.

म्हणून जेवणाच्या टेबलावर हा खेळ सुरू करा. एक शब्द घ्यायचा आणि त्याचे जास्तीत जास्त अर्थ शोधायचे. मराठीत सांगितले तरी पूर्ण मार्क! 'इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच सांग' हा हट्ट सुरुवातीला तरी सोडा. 'फोर्स म्हणजे बल' हे दोन सेकंदांत कळतं. इंग्रजी व्याख्येत आणखी तीन अनोळखी शब्द भेटतात. वाक्यात वापर मात्र इंग्रजीतच करून घ्या.

प्रश्नच कळला नाही तर?

कुठले शब्द आधी शिकवायचे? इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २००२ साली आलेल्या पुस्तकात एक सुटसुटीत हिशेब मांडला. शब्दांचे तीन थर करा. पहिल्यात रोजचे, हाऊस, रन, हॅपी. तिसऱ्यात खास विषयाचे, फोटोसिंथेसिस, आयसोटोप. मधल्या थरात असतात कम्पेअर, ऑब्झर्व्ह, सफिशंट, रिड्यूस, जस्टिफाय असे शब्द, जे सगळ्याच विषयांत डोकावतात. पहिला थर कानावर पडून येतो, तिसरा त्या-त्या तासाला शिकवला जातो. मधल्याकडे मात्र कुणाचंच लक्ष नसतं!

परीक्षेत घात होतो तो इथेच. मुलाला धातू-अधातूंमधला फरक तोंडपाठ असतो, पण 'डिस्टिंग्विश' म्हणजे 'फरक स्पष्ट करा' हे माहीत नसतं. 'जस्टिफाय' म्हणजे नुसतं हो-नाही चालणार नाही, कारण द्यायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं. उत्तर येत असून मार्क जातात. उपाय अगदी सोपा. मागच्या दोन परीक्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि प्रश्नांमधली क्रियापदं अधोरेखित करा. पहिली यादी तीच!

शब्दांचे नातेवाईक

एकटा शब्द लक्षात ठेवणं कठीण, खानदान लक्षात ठेवणं सोपं. 'अ‍ॅक्ट' आला की अ‍ॅक्शन, अ‍ॅक्टिव्ह, रिअ‍ॅक्ट, रिअ‍ॅक्शन ही सगळी वरात मागोमाग आणा. ग्रीक तुकडेही असेच कामाला येतात. 'टेली' म्हणजे दूर. टेलिफोनला आपण दूरध्वनी म्हटलं, टेलिव्हिजनला दूरदर्शन. बांधणी अगदी जशीच्या तशी! 'फोटो' म्हणजे प्रकाश, म्हणून फोटोसिंथेसिस झालं प्रकाशसंश्लेषण. 'थर्मो' म्हणजे उष्णता. थर्मामीटर आणि चहाचा थर्मास सख्खे चुलतभाऊ निघतात. ज्या मराठी संज्ञा आपल्याला जड वाटायच्या, त्याच इथे इंग्रजी शब्दाची किल्ली होतात.

व्हिजिटिंग कार्डाचा फंडा

आता पाठांतराकडे वळू. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिलं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं, पण अंतराअंतराने उजळणी केली तर टिकतं. याच तत्त्वावर सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात कार्डांचा डबा लोकप्रिय केला. आजची फ्लॅशकार्डांची बरीच अ‍ॅप्स हाच फॉर्म्युला वापरतात.

तुम्हाला अ‍ॅपचीही गरज नाही. नोकरी बदलली, जुनी व्हिजिटिंग कार्डं ड्रॉवरमध्ये पडून आहेत ना? त्यांच्या कोऱ्या बाजूला इंग्रजी शब्द लिहा, छापील बाजूवर चिठ्ठी चिकटवून तिच्यावर मराठी अर्थ आणि एक छोटं वाक्य. बुटांच्या खोक्यात तीन कप्पे करा. पहिल्या कप्प्याची उजळणी रोज, दुसऱ्याची तीन दिवसांनी, तिसऱ्याची आठवड्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. दिवसाला तीन-चार नवे शब्द पुरे. चार शब्द धरले तर आठवड्याला अठ्ठावीस होतात. त्यातले वीस टिकले तरी जिंकलात!

दोन पथ्यं पाळा. शब्द मोठ्याने म्हणून घ्या, कारण 'डिटर्मिन'ला 'डिटरमाईन' वाचणाऱ्या मुलाला वर्गात बाईंनी तो शब्द उच्चारला तरी ओळखू येत नाही. आणि चुकलं तर हसू नका. उच्चारावरून एकदा टिंगल झाली की ते मूल वर्गात हात वर करणं बंद करतं. मग त्याला काय अडतंय हे शिक्षकांनाही समजत नाही.

थोडक्यात काय, तर भाच्याच्या वाढदिवसाला जाडजूड डिक्शनरी जरूर द्या, पण सोबत रोजची दहा मिनिटंही द्या. प्रत्यक्ष जमत नसेल तर ऑफिसातून परतताना लोकलमधून फोन करा. पुस्तक उघडायला सांगा आणि एकच प्रश्न विचारा, 'आज कुठला शब्द अडला?' आधी उत्तर येईल, 'काही नाही.' लगेच फोन ठेवू नका. तो पानं उलटेपर्यंत थांबा.