आजींच्या खुर्चीपासून तीन मीटर

"आजी, आता खुर्चीतून उठा, त्या पांढऱ्या पट्टीपर्यंत चाला, वळा आणि परत येऊन बसा. रोजच्यासारखंच चाला, घाई नको." एवढं सांगून विद्यार्थिनी घड्याळ सुरू करते. खुर्ची हातांची, पट्टी ३ मीटरवर, पायात नेहमीच्याच चपला. उठताना आजी खुर्चीच्या हातांवर किती भार देतात, उठल्यावर तोल सावरायला थांबतात का, वळायला किती पावलं लागतात, बसताना अंग एकदम टाकतात का, हे सगळं ती टिपून घेते. १९९१ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी आज जगभर वापरली जाते. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था मानते. साहित्य म्हणाल तर एक खुर्ची, एक घड्याळ आणि नीट पाहणारे डोळे. हे डोळे तयार करणं, हेच वार्धक्यशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचं खरं काम.

वृद्धांच्या आजारांवर उपचार करणारी वैद्यकशाखा म्हणजे जेरियाट्रिक्स. भारतात तिची वाट मद्रासने घालून दिली. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली तिथल्या सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयाची एम.डी. सुरू झाली. जेरोन्टॉलॉजी, म्हणजे वार्धक्यशास्त्र, तिच्याहून व्यापक आहे. इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १९०३ साली त्याला नाव दिलं. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात या एकाच विषयाला वाहिलेलं स्वतंत्र स्कूल उभं राहिलं. शरीर, मन, कुटुंब, पैसा, घर आणि कायदा हे सगळं या शास्त्रात एकत्र शिकवतात. त्यामुळे समाजकार्य, मानसशास्त्र, नर्सिंग, फिजिओथेरपी, अर्थशास्त्र अशा वेगवेगळ्या वाटांनी पदवीधर या वर्गात येतात.

पहिला धडा आजाराचं नाव बाजूला ठेवायचा असतो. दोन आजोबांना तोच मधुमेह आणि तोच संधिवात असू शकतो. पण एक बाजारात जाऊन भाजी आणतो आणि दुसऱ्याला अंथरुणातून उठायला हात द्यावा लागतो. सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ मध्ये सहा गोष्टींची मोजपट्टी मांडली: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावरचा ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांना पाहताना त्यांना एक क्रम दिसला. माणूस सावरू लागला की जेवण आणि ताबा आधी परत येतो; कपडे आणि अंघोळ सगळ्यात शेवटी. म्हणून मुरलेला कार्यकर्ता घरात गेल्यावर आधी अंघोळीची चौकशी करतो. घसरण पुष्कळदा तिथूनच सुरू झालेली असते.

१९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांनी त्यात आठ व्यवहारांची भर घातली. फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचा हिशेब. इथे भारतीय विद्यार्थ्यांना थांबून विचार करावा लागतो. जन्मभर कधी चहाही न केलेल्या आजोबांना स्वयंपाक येत नाही, याचा अर्थ त्यांची क्षमता गेली असा होत नाही. बँकेचा व्यवहार आयुष्यभर नवऱ्याने पाहिला असेल, तर आजींना पासबुक न कळणं हे विस्मरण नव्हे. "आधी काय करत होता, आता काय सुटलं?" हा प्रश्न विचारल्याशिवाय तक्त्यातल्या आकड्यांना अर्थ येत नाही.

स्मरणाच्या तपासणीत कोऱ्या कागदावर घड्याळाची तबकडी काढायला सांगतात आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर लावायला सांगतात. ही वेळ विचारपूर्वक निवडलेली आहे. 'दहा' ऐकून मेंदू मोठा काटा १० या आकड्याकडे ओढतो. ती ओढ आवरून काटा २ वर न्यावा लागतो. पण जिने कधी पाटी-पेन्सिल धरली नाही, तिला ही चाचणी कशी लावणार? नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांमध्ये डिमेन्शियाचा अभ्यास झाला, तेव्हा संशोधकांनी निरक्षर माणसांसाठी हिंदीत वेगळी चाचणी घडवली. चाचणी माणसाला जुळवून घ्यायची असते, हे शिकवणारं याहून चांगलं उदाहरण आपल्या देशात मिळणं अवघड.

मग येते औषधांची पिशवी. घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगतात. रक्तदाबाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी, दोन डॉक्टरांनी दिलेली निघते. शेजारणीने सुचवलेली झोपेची गोळी निघते. सर्दीची एक जुनी पट्टीही निघते. सर्दी-खाजेवरच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी वृद्धांच्या डोक्यात गोंधळ उडू शकतो, लघवी अडू शकते. अशा औषधांची पहिली यादी मार्क बीअर्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये केली आणि ती आजही नव्याने सुधारली जाते. आजी परवापासून अचानक भलतंसलतं बोलू लागल्या, तर त्यामागे औषध, लघवीचा संसर्ग किंवा अंगातलं कमी झालेलं पाणी असू शकतं. "वयच झालं" असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलेली गोष्ट उपचाराने बरी होऊ शकते. वार्धक्यशास्त्राचा विद्यार्थी औषध बदलत नाही. कुठली गोष्ट डॉक्टरांच्या कानावर आजच घालायची, हे त्याला कळतं.

घरभेटीत त्याची नजर खाली असते. न्हाणीघराचा ओला उंबरठा, सरकणारं पायपुसणं, संडासात धरायला नसलेली दांडी, पलंगापासून लांब असलेलं दिव्याचं बटण. यातल्या बहुतेक दुरुस्त्या एका दुपारी सुतार-प्लंबरकडून होतात. मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन मात्र घराला महिनोन् महिने पुरतं.

एकेका माणसाकडून देशाकडे जायचं, तर मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये वार्धक्याचा राष्ट्रीय दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांपर्यंत क्षेत्रकार्यकर्ते पोचले. त्यांनी प्रश्नावलीबरोबर हाताच्या पकडीची ताकद मोजली, चालण्याचा वेग मोजला, शब्द आठवायला सांगितले. अशा पाहण्यांनाही वार्धक्याची जाण असलेली माणसं लागतात.

गरज किती आहे? २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते. महाराष्ट्रात लोकसंख्येच्या ९.९ टक्के, गोव्यात ११.२ टक्के. काम रुग्णालयात आहे, डिमेन्शियाच्या दिवसकेंद्रात आहे, ज्येष्ठांच्या वसाहतींत आहे, १४५६७ या हेल्पलाइनवर आहे. मुलं परदेशी असलेल्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांची देखरेख करणाऱ्या सेवांमध्ये आहे. २००७ च्या पालनपोषण कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करणाऱ्या आईला कागद समजावून सांगण्यातही आहे. पण बहुतेक ठिकाणी हे काम सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण थोडं आणि पगार त्याहून थोडा. शिकलेल्या माणसाला या क्षेत्रात त्याच्या शिक्षणाच्या नावाचं पदच नसेल, तर तो दुसरी नोकरी धरणारच.

महापालिका, जिल्हा रुग्णालयं आणि ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी वार्धक्यशास्त्राच्या पदवीधरांसाठी पगारी पदं निर्माण करायला हवीत. समाजकार्य, नर्सिंग किंवा मानसशास्त्राची पदवी घेऊन पुढे काय, असा विचार करणाऱ्यांनी या अभ्यासक्रमांची चौकशी जरूर करावी. आणि घरात सत्तरीपुढचं माणूस असेल, तर आज त्यांच्या औषधांची पिशवी एकदा टेबलावर ओतून पाहा आणि ती डॉक्टरांना दाखवा.