पालीच्या शिवारात चायनीज!

दोस्तांनो, एक कोडं घालू? पावसाळ्यात ते शेतात हिरवंगार उभं असतं. जेमतेम गुडघ्याएवढं. शेंगांवर मऊ लव. दसऱ्याच्या आसपास काढणी होते, मळणीयंत्र धडधडतं आणि पोत्यात पिवळे गोल दाणे भरतात. आणि हेच दाणे चायनीजच्या गाडीवर काळ्या बाटलीत दडून बसतात! ओळखा पाहू!

सोयाबीन! अगदी बरोबर!

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की पाली हे गाव लागतं. बिंदुसरेचं धरण इथंच आहे. भोवती बालाघाटाचे डोंगर. या भागात खरिपात सोयाबीन खूप दिसतं. पण गंमत बघा! शेतात इतकं सोयाबीन, आणि ताटात? आपण त्याची उसळ करतो का? नाही! त्याचं तेल निघतं, ते फोडणीला येतं. उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. फार तर दळणात मूठभर दाणे पडतात.

मग आज एक उद्योग करूया. अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या चिनी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात डोकावूया! फळीवर काय काय आहे? सोया सॉस. तिळाचं तेल. मक्याचं पीठ, म्हणजे कॉर्नफ्लोअर. तिखट तेलाची बरणी. भाजलेले शेंगदाणे. पाच मसाल्यांची एक पूड. सगळं परकं वाटतंय ना? थांबा, थांबा! यातल्या जवळजवळ प्रत्येकाचं आपल्या घराशी नातं आहे!

आधी ती काळी बाटली उघडू.

सोयाबीनचा दाणा शिजवून चावून बघा. कसा लागतो? सपक! थोडा उग्रसुद्धा. (कच्चा मात्र खाऊ नका हं, पोट बिघडेल.) आणि सोया सॉसचा एक थेंब जिभेवर ठेवा. खारट, खमंग, तोंडाला पाणी सुटेल असा! दाणा तोच. मग जादू केली कुणी?

सांगू? बुरशीने!

ईऽऽ करू नका! ही खास बुरशी आहे. नाव लांबलचक, ॲस्परजिलस ओरायझी. जपानमध्ये तिचा इतका मान आहे, की तिथल्या ब्रूइंग सोसायटीने २००६ साली तिला चक्क राष्ट्रीय बुरशी ठरवलं! आपला राष्ट्रीय पक्षी मोर, त्यांची राष्ट्रीय बुरशी! मला तर हे फारच आवडलं. (शिळ्या पावावरची बुरशी वेगळी. तो पाव सरळ फेकून द्यायचा.)

सॉस करताना सोयाबीन शिजवतात. भाजून भरडलेला गहू त्यात मिसळतात. त्यावर ही बुरशी पेरतात. दोन-तीन दिवसांत दाण्यांवर दाट लव चढते. मग सगळं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. किती दिवस? दिवस नाही, महिने! सहा-आठ महिने, कधी वर्षभरसुद्धा. शेवटी पिळून जो रस निघतो, तो सोया सॉस!

पण इतके महिने आत चाललेलं असतं काय? सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर असतात. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे चाळीस ग्रॅम! आता एक प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ समजा. वीस प्रकारचे मणी, शेकड्यांनी ओवलेले. आपल्या जिभेला अख्खी माळ कळतच नाही. म्हणून दाणा सपक! बुरशीतली पाचक द्रव्यं कात्रीसारखी चालतात. कच्, कच्, कच्! माळ तुटते, मणी सुटे होतात. त्यातल्या एका मण्याचं नाव ग्लुटामेट. तो सुटा झाला, की जिभेला लगेच कळतं आणि ती म्हणते, वा!

ही चव ना गोड, ना आंबट, ना खारट, ना कडू. मग कुठली? टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनाही हाच प्रश्न पडला. समुद्रातल्या कोंबू नावाच्या शैवालाच्या सुपाला ही चव येते कुठून? १९०८ साली त्यांनी त्या शैवालातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि या पाचव्या चवीचं नाव ठेवलं उमामी. पिकलेल्या टोमॅटोतही ती असते. अळंब्यांतही असते.

आणि अजून कशात, ओळखा! आईच्या दुधात! हो, खरंच! त्या दुधातल्या सगळ्या सुट्या मण्यांमध्ये ग्लुटामेटच सगळ्यात जास्त असतं. म्हणजे ज्या चवीला आपण चायनीजची चव म्हणतो, ती तुम्ही दात येण्याआधीच चाखलीय!

बाटली खाली ठेवण्याआधी तिच्यावरचं बारीक अक्षर जरूर वाचा. पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढंच लिहिलेलं असेल तर उत्तम. काही स्वस्त सॉस महिनोन्महिने मुरवलेले नसतात. आम्ल वापरून ते झटपट करतात आणि रंगासाठी कॅरमल घालतात. चवीतला फरक कळतो बरं!

आता तिळाच्या तेलाची बाटली. ही तर सोपी! तीळ पहिल्यांदा शेतात पिकवले ते आपल्याच भारतीय उपखंडात. इथूनच ते चीनकडे गेले. संक्रांतीला आपण तिळगूळ वाटतो, ते तीळ भाजून घाण्यात घालतात, की झालं तिकडचं खमंग तेल!

आणि शेंगदाणे-मिरची? ही जोडी तर आपल्या ठेच्याची! पण चीनच्या सिचुआन प्रांतातही चिकन, लाल मिरच्या आणि शेंगदाणे एकत्र परततात. कुंग पाओ म्हणतात त्याला. मग कुणी कुणाचं पाहून केलं? कुणीच नाही! साडेपाचशे वर्षांपूर्वी ना आपल्याकडे मिरची होती, ना सिचुआनमध्ये. ती मूळची मेक्सिकोकडची. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मकासुद्धा अमेरिकेचाच. समुद्रमार्गे हे सगळे जगभर पसरले. बालाघाटातलं ते गोड गोड सीताफळ माहीत आहे ना? तेही अमेरिका खंडातूनच आलंय!

राहिली पाच मसाल्यांची पूड. चक्रीफूल, लवंग, दालचिनी, बडीशेप. अरेच्चा, चार डबे तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात निघाले! आपल्या काळ्या मसाल्यातलं चक्रीफूल मुळात दक्षिण चीन आणि व्हिएतनामकडचं आहे. म्हणजे येसर आमटीला जो वास सुटतो, त्यात एक चिनी पाहुणा कधीचा मुरलेला!

पाचवा डबा सिचुआन मिरीचा. ती ना मिरी, ना मिरची. ती आहे आपल्या कोकणातल्या तिरफळाची बहीण! एकाच कुळातली झाडं. कोकणात बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालतात. दोन्हींचं काळं बी टाकून द्यायचं आणि वरचं साल वापरायचं.

आणि ही सिचुआन मिरी तोंडात टाकली की काय होतं माहितेय? ओठ झिणझिणतात! लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी ही झिणझिण चक्क मोजली. लोकांच्या ओठांना मिरीची पूड लावली. बोटाखाली एक थरथरणारं यंत्र ठेवलं. ओठांची आणि बोटाची थरथर सारखी वाटली, की सांगायचं! उत्तर आलं सेकंदाला सुमारे पन्नास वेळा. हे २०१३ साली छापून आलं. खरं तर ओठ हलत नाहीत. मिरीतलं एक द्रव्य स्पर्शाच्या नसांना फसवतं! आपल्या घरातली वीजसुद्धा सेकंदाला पन्नास आवर्तनंच करते. बटण न दाबता तोंडात करंट!

आता तुम्ही विचाराल, हे सगळं एकमेकांत मिसळायचं धाडस केलं कुणी? अडलेल्या माणसांनी! दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हजारो चिनी माणसं अमेरिकेत गेली. कुणी सोनं शोधायला, कुणी रेल्वेचे रूळ टाकायला. गावाकडच्या सगळ्या भाज्या काही तिथं मिळेनात. मग मिळेल ती भाजी कढईत पडायला लागली. गाई लान नावाची त्यांची भाजी नाही? चला, ब्रोकोली घ्या!

आपल्या मुंबईतही असंच झालं. नेल्सन वांग नावाचे चिनी वंशाचे आचारी कोलकात्याहून मुंबईत आले. १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी एक नवा प्रयोग केला. आपल्या वाटणातलंच आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली. पण गरम मसाल्याऐवजी घातला सोया सॉस! रस दाट केला कॉर्नफ्लोअरने. झालं मंचुरियन! चीनमध्ये मांचुरिया नावाचा प्रदेश आहे खरा, पण तिथं हा पदार्थ कुणालाच ठाऊक नव्हता. आज मराठवाड्यातल्या गाड्यांवर तो मिळतो. मला विचाराल तर त्याचा तो लालभडक रंग नको. तो बऱ्याचदा मिरचीचा नसतो, डबीतला असतो.

मग आता आपली पाळी! एक चटणी करूया. आई, बाबा, आजी, कुणीतरी मोठं माणूस सोबत घ्या. दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट. सुपारीएवढा गूळ, चिरून. एक छोटा चमचा सोया सॉस. अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर तिखट, थोडं कोमट पाणी. ढवळा. वरून भाजलेले तीळ चुरडून टाका. गरम बाजरीच्या भाकरीसोबत खा! आजी म्हणतील, हे कसलं कालवलंय? त्यांना आधी एक घास द्या, मग बोलू द्या!

अजून धाडस आहे? वाटीभर व्हॅनिला आइस्क्रीमवर सोया सॉसचे फक्त दोन थेंब टाका. खोटं नाही सांगत, कॅरमलसारखं लागतं! मुरताना सॉसमध्ये वासाची शेकडो द्रव्यं तयार होतात. त्यातली काही कॅरमलच्याच वासाची असतात. थोडं मीठ पडलं की गोडही जास्त गोड लागतं. उकडलेल्या रताळ्यावर टाकून बघा. पिठल्यातही दोन थेंब चालतील. कुठली जोडी जमली आणि कुठली फसली, ते वहीत लिहून ठेवा. फसलेली तर नक्की लिहा!

शेंगदाणा, तीळ, गहू किंवा सोयाबीन कुणाला सोसत नसेल, तर त्याला हे देऊ नका. आणि चटणीत वरून मीठ घालायचं नाही हं! एक छोटा चमचा सोया सॉस म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसालाही दिवसभरात पाच ग्रॅमच्या आतच मीठ हवं.